जुन्या सिंथेसायझरचीं बटणें

घरांतली जुनी वस्तु बिघडली कीं आपला निर्णय बहुधा दोन टोंकांपैकीं एका टोंकाला जातो. कोणी म्हणतो, टाकून द्या. कोणी ती माळ्यावर ठेवतो आणि पुन्हां तिचें नांवहि काढीत नाहीं. आज मी अशाच एका वस्तूविषयीं बोलणार आहें. ती म्हणजे विजेवर चालणारें एक वाद्य, सिंथेसायझर; आणि प्रश्न आहे तो त्याच्या नादुरुस्त बटणांचा. बटण म्हणजे केवढीशी गोष्ट! परंतु वाद्य राखावें कीं टाकावें, हा निवाडा कित्येकदां त्या केवढ्याशा गोष्टीवरच येऊन ठरतो.

प्रथम, या वाद्यावर बटणें आलीं कशीं, तें पाहूं. १९७० सालीं मिनिमूग नांवाचा सिंथेसायझर निघाला. त्याच्या दर्शनी फळीवर फिरविण्याचे नॉब होते आणि प्रत्येक नॉबचें काम ठरलेलें होतें. एक फिरविला कीं स्वर उजळ होई, दुसरा फिरविला कीं तो सावकाश विरे. पुढें १९८३ सालीं यामाहा कंपनीचा डीएक्स-७ आला. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चौनिंग यांनीं शोधून काढलेल्या पद्धतीवर तो आधारलेला होता. त्याच्या एकेका ध्वनीच्या घडणीस शंभराहून अधिक आंकडे लागत. तितके नॉब बसविण्यास जागा कोठून आणणार? म्हणून बटणांच्या दोन-चार रांगा, आंकडा कमीअधिक करणारी एक सरकपट्टी आणि अक्षरें दाखविणारी एक लहानशी कांच एवढ्यावर सारें भागविण्यांत आलें. पुढल्या वर्षांत पुष्कळ वाद्यें याच वळणाचीं निघालीं. याचा परिणाम असा कीं, जुन्या पद्धतींत एक नॉब बिघडला तर एक गुण जाई. नव्या पद्धतींत एक बटण बिघडलें तर दहा खोल्यांचें दार बंद होतें.

आतां हीं बटणें बिघडतात कां? बाहेरून दिसतें तें केवळ टोपण. त्याखालीं, सर्किटच्या पाटीवर, बहुधा सहा मिलिमीटर लांबीरुंदीचा एक चिमुकला स्विच असतो. त्याच्या पोटांत धातूची पातळ घुमटी असते. बोटानें दाबतांच ती ‘टक्’ करून खालीं बसते आणि विजेचीं दोन टोंकें जोडते. बोट उचलतांच पुन्हां वर येते. वर्षें लोटतात तशी दमट हवा, धूळ आणि धातूवर चढणारा काळेपणा यांनीं तो स्पर्श मलिन होतो. मग तीन प्रकारचीं दुखणीं दिसूं लागतात. जोरानें दाबल्याशिवाय बटण ऐकत नाहीं, हें पहिलें. एकदां दाबलें असतां दोनदां दाबल्याचा भास यंत्राला होतो, हें दुसरें. बटण मुळींच ऐकत नाहीं, हें तिसरें. पहिल्यानें आणि तिसऱ्यानें त्रास होतो. दुसऱ्यानें मात्र नुकसान होतें.

हें मला माझ्याच घरीं कळलें. माझे थोरले बंधु पुण्यांतील एका ऑर्केस्ट्रांत सिंथेसायझर वाजवीत. कारखान्यानें दिलेल्या ध्वनींवर दादांचें समाधान होत नसे. सनईच्या अंगाचा एक ध्वनि, संबळाच्या ठोक्याचा एक, असे कित्येक ध्वनि त्यांनीं रात्र रात्र बसून घडविले आणि वाद्याच्या स्मृतींत सांठविले. दादा गेले आणि वाद्य माझ्याकडे आलें. पुतणीला तें वाजविण्याची हौस. एके दिवशीं तिनें स्वतःचा एक ध्वनि सांठविण्यासाठीं बटण दाबलें. अशा वेळीं यंत्र ‘निश्चित का?’ असें विचारतें आणि दुसऱ्या दाबाची वाट पाहतें. बिघडलेल्या बटणानें तो दुसरा दाब आपला आपणच दिला. रिकामी जागा निवडण्यास तिला अवसरच मिळाला नाहीं. आणि ज्या जागीं दादांची सनई होती, ती जागा पुसली गेली.

“काका, मी एकदाच दाबलं हो,” ती रडवेली होऊन म्हणाली. तिचें म्हणणें खरें होतें.

त्यानंतर एका दुकानदारानें सल्ला दिला कीं, एवढ्या खर्चांत पडूं नका, नवें वाद्य घ्या. त्याचा सल्ला वावगा होता असें मी म्हणत नाहीं. केवळ तयार ध्वनि वाजवावयाचे असतील आणि बिघडलेल्या बटणाची गरज वर्षांतून एकदां पडत असेल, तर तें बटण तसेंच राहूं द्यावें. कारण जुनी पाटी उघडण्यांतहि धोका असतो. सूरपट्ट्या आणि आवाज बाहेर काढणारा भागहि निकामी झाला असेल, तर नुसतीं बटणें बदलून कांहींच साधत नाहीं. परंतु ज्या वाद्याच्या पोटांत कोणाचें तरी काम सांठविलेलें आहे, त्याच्या बाबतींत दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वीं एक कर्तव्य उरकलें पाहिजे. तें म्हणजे आंतील ठेवा बाहेर काढणें.

हें काम वाटतें तितकें अवघड नाहीं. १९८३ मध्येंच निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशीं बोलतां यावें म्हणून मिडी नांवाचा संकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या तारेंतून सेकंदास ३१,२५० बिट जातात. एका बाइटास दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदास ३,१२५ बाइट झाले. डीएक्स-७ चे ३२ ध्वनि ४,०९६ बाइटांत मावतात. अर्थात् दीड सेकंदाच्या आंत ते संगणकांत उतरतात. एखाद्याच्या अनेक रात्रींचें काम एका श्वासांत सुरक्षित होतें! अडचण एवढीच कीं, ही रवानगी चालू करण्याची आज्ञाहि पुष्कळदां बटणांनींच द्यावी लागते. म्हणून बटण अधूनमधून ऐकत आहे तोंवरच हें उरकावें. शिवाय अशा अनेक वाद्यांची स्मृति तीन व्होल्टच्या एका नाण्याएवढ्या बॅटरीवर जगत असते. ती संपली, किंवा नक्कल न घेतां काढली, तर सारेंच जातें.

नक्कल हातीं आली कीं रोगाची परीक्षा करावी. बटणें बहुधा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळ्यांत जोडलेलीं असतात. एकाच ओळींतलीं सगळीं बटणें एकदम मेलीं असतील, तर दोष स्विचांचा नसून पट्टीसारख्या तारेचा किंवा तिच्या जोडाचा असण्याचा संभव अधिक. येथें-तेथें एखादें बटण अडत असेल, तर दोष स्विचाचाच समजावा. फवाऱ्यानें स्विच साफ करतां येतो, परंतु तो गुण बहुधा थोडे दिवस टिकतो. बदलणें हाच खरा उपाय. पुण्यांत बुधवार पेठेंत किंवा मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर असे स्विच थोडक्या रुपयांना मिळतात. मात्र दांडीची उंची जुन्याइतकीच पाहून घ्यावी, नाहींतर टोपण दबलेलेंच राहतें. सगळे स्विच एकाच वयाचे असल्यामुळें ते एकदमच बदलावेत. खरा खर्च स्विचांचा नसून हाताच्या कौशल्याचा आहे. जुनें सोल्डर काढतांना उष्णता अधिक झाली तर पाटीवरील तांब्याची रेघ सुटून येते. म्हणून ज्याला सवय नाहीं त्यानें आधीं एखाद्या टाकाऊ पाटीवर हात बसवावा, किंवा काम जाणत्या कारागिराकडे द्यावें. आणि वाद्य उघडण्यापूर्वीं विजेचें प्लग काढून कांहीं वेळ जाऊं द्यावा, कारण आंतील कपॅसिटरांत वीज शिल्लक राहते.

आम्हीं तसेंच केलें. दुखऱ्या बटणाची मनधरणी करून प्रथम नक्कल घेतली. मग कारागिराकडून सगळे स्विच आणि त्याबरोबर बॅटरीहि बदलून घेतली. आवाजाची सरकपट्टी अजून थोडी खरखरते. तिच्यानें कोणाचें कांहीं पुसलें जात नाहीं, म्हणून ती तशीच ठेवली आहे.

दादांची सनई मात्र परत आली नाहीं. बटण पहिल्यांदां अडलें त्याच दिवशीं मीं नक्कल घेतली असती, तर ती आज वाजली असती. संबळ राहिला आहे. पुतणी गणपतींत तो वाजविते, आणि आतां तिनें एकदां दाबलें म्हणजे यंत्र एकदांच ऐकतें.