दवाखाना बंद ठेवून परिषदेला जावं का?

तालुक्याच्या गावात एकहाती दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला परिषदेचं पत्रक येतं, तेव्हा त्याला आधी आठवतं ते दाराचं कुलूप. परिषद शुक्रवार ते रविवार, कधी हैदराबादला, कधी कोचीला. नोंदणीची फी, प्रवास, दोन रात्रींचं हॉटेल हा झाला दिसणारा खर्च. न दिसणारा त्याहून मोठा असतो. तीन दिवसांची ओपीडी बुडते, ॲडमिट पेशंट दुसऱ्या कुणाच्या हवाली करावे लागतात, दिवस भरत आलेल्या बाईला ‘मी नसताना दुखायला लागलं तर थांबू नका, सरळ जिल्ह्याला जा’ असं सांगून ठेवावं लागतं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पगारावर असलेल्या डॉक्टरला यातलं फारसं काही सोसावं लागत नाही. मला मात्र वाटतं, ज्याला जाणं सगळ्यात महाग पडतं त्या तालुक्याच्या डॉक्टरनेच जायला हवं. फक्त कुठल्या परिषदेला, काय घेऊन आणि कुणाच्या पैशाने, हे त्याने नीट ठरवावं.

नियमाचं आधी उरकून घेऊ. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण (सीएमई) घ्यावं असं म्हटलं आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करतानाही क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या रविवारच्या सीएमईतून सहज जमतात. तेवढ्यासाठी कुणी कोचीला जाऊ नये.

व्याख्यानांसाठीही जाऊ नये. कोविडनंतर उत्तम वक्ता रात्री साडेआठला मोबाइलवर ऐकायला मिळतो. शिवाय नुसतं ऐकून डॉक्टरची उपचाराची रीत कितपत बदलते, हे तपासलं गेलेलं आहे. कॉक्रेन या संस्थेने २००९ मध्ये अशा शैक्षणिक बैठकांवरच्या ८१ चाचण्या एकत्र तपासल्या. अपेक्षित उपचारपद्धती पाळण्याचं प्रमाण त्यामुळे मध्यकानुसार साधारण सहा टक्के बिंदूंनी सुधारलं होतं. हा फरक लहान असला तरी खरा आहे. त्याच पाहणीत असंही दिसलं की व्याख्यानाला चर्चेची आणि प्रत्यक्ष सरावाची जोड दिली तर परिणाम वाढतो. अंधारलेल्या सभागृहात ओळीने पंचवीस वक्त्यांच्या स्लाइड्स पाहण्यापेक्षा अर्ध्या दिवसाची, हात चालवायला लावणारी कार्यशाळा बरी.

मग जायचं कशासाठी? धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचं उदाहरण घ्या. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या कमकुवत भागावर जाळी बसवली की टाक्यांवर ताण येत नाही आणि हर्निया पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. पण कंपनीची तयार जाळी शेतमजुराच्या आवाक्याबाहेरची. दोंडाईच्याचे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून तिच्या जागी वापरलं. तुकड्याची किंमत नगण्य. एका गावातल्या एका डॉक्टरने असं काही केलं, तर बाहेरचे लोक त्याला जुगाड म्हणून सोडून देतात. इथे तसं झालं नाही, कारण वेगवेगळ्या ठिकाणच्या शल्यचिकित्सकांनी आपापल्या रुग्णालयांत तीच पद्धत वापरून पाहिली आणि सगळ्यांचे निष्कर्ष मिळून २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापले. पुढे आफ्रिकेत मच्छरदाणीची जाळी वापरली जाऊ लागली. युगांडात ३०२ पुरुषांवर झालेली चाचणी २०१६ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. वर्षभरानंतरही महागडी जाळी आणि मच्छरदाणीची जाळी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

एकाची पद्धत दुसऱ्या गावातल्या कुणी तरी वापरून पाहायला हवी असेल, तर त्या दोघांची गाठ कुठे तरी पडावी लागते. असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडिया ही संघटना याच गरजेतून उभी आहे. भूलतज्ज्ञ वेळेवर मिळत नाही, रक्त मिळत नाही, वीज जाते, पेशंटकडे पैसे नाहीत, या अडचणी तिच्या अधिवेशनाच्या मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या असतात. महानगरातल्या पंचतारांकित परिषदेत याच अडचणी सांगितल्या तर समोरचा सहानुभूती दाखवतो, उपाय नाही.

भेटीने प्रत्यक्षात काय होतं, हे मोजायची संधी एकदा एका वादळाने दिली. २०१२ च्या ऑगस्टअखेर ‘आयझॅक’ चक्रीवादळामुळे अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेचं न्यू ऑर्लिन्सचं अधिवेशन ऐनवेळी रद्द झालं. निबंध निवडलेले, पण वाचले गेले नाहीत. पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या २९ हजारांहून जास्त निबंधांची तुलना केली. अधिवेशनात वाचलेल्या निबंधाचा पुढच्या चार वर्षांत कुणी तरी संदर्भ घेण्याची शक्यता सुमारे पाच टक्के बिंदूंनी जास्त होती. हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयातल्या एका प्रयोगात संशोधकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं होतं. एकाच खोलीत थोडा वेळ काढलेल्या जोड्यांनी पुढे मिळून अनुदानासाठी अर्ज करण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी वाढली. मुळात ती शक्यता फार कमी होती, हे खरं. पण ज्याच्या गावात त्याच्या विषयाचा दुसरा माणूसच नाही, त्याची अशी खोली रोजच्या रोज हुकते.

पैशाचं मात्र कठोरपणे बोलायला हवं, कारण या व्यवसायात परिषदेचा प्रवास बराच काळ औषध कंपन्यांनी पोसला. १९९२ मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. दोन औषधांच्या कंपन्यांनी डॉक्टरांना सगळा खर्च देऊन परिसंवादांना नेलं होतं. जाण्याआधी बहुतेकांनी सांगितलं की याने आमच्या प्रिस्क्रिप्शनवर काही परिणाम होणार नाही. नंतर रुग्णालयातला एका औषधाचा वापर तिपटीवर गेला, दुसऱ्याचा दुपटीहून जास्त वाढला. ही माणसं खोटारडी नव्हती, आणि म्हणूनच ही गोष्ट जास्त गंभीर आहे. आपल्याकडे वैद्यक परिषदेने २००९ च्या डिसेंबरात डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घ्यायला बंदी केली. २०२४ च्या मार्चमध्ये आलेल्या औषध विपणन संहितेने कंपन्यांनाही तेच बजावलं आणि वक्त्यांपुरता अपवाद ठेवला. कंपनीच्या प्रतिनिधीने (एमआरने) तिकीट पुढे केलं तर घेऊ नये. ते पैसे शेवटी पेशंटच्याच औषधाच्या बिलातून वसूल होतात.

स्वतःच्या खिशातून जायचं ठरलं की निवडही आपोआप कडक होते. वर्षाकाठी एकच परिषद, तीही लहान, जिथे दोनशे माणसं असतात आणि जेवणाच्या रांगेत वक्ता मागे उभा असतो. सोबत स्वतःच्या अडलेल्या दोन-तीन केसेस, कागदपत्रांसह. जमलं तर पोस्टर लावावं. पोस्टरपुढे थांबणारा माणूस मुद्दाम थांबलेला असतो, तो प्रश्न विचारतो. परतल्यावर आठवडाभरात त्याला फोन करावा, नाहीतर ओळख व्हॉट्सॲपच्या यादीत पडून राहते.

मागे राहिलेल्या पेशंटचा प्रश्न मात्र एकट्या डॉक्टरने सोडवायचा नाही. शेजारच्या दोन गावांतल्या डॉक्टरांनी आपसांत ठरवून एकमेकांचे पेशंट सांभाळले, तर दोघांनाही आलटूनपालटून जाता येईल. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) शाखांनी अशा अदलाबदलीची यादी ठेवावी. आणि आयोजकांनी निदान काही अधिवेशनं विमानतळाच्या गावाऐवजी नंदुरबार, हिंगोली, गडचिरोलीत, महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहायची सोय करून भरवावीत. मग एका दिवसाच्या एसटीच्या प्रवासात पोचता येईल, फी निम्म्यावर येईल, आणि महानगरातल्या प्राध्यापकालाही प्रवास करून तिथल्या डॉक्टरांचं ऐकायला यावं लागेल.