घाटात ज्याचं ओझं त्यालाच!

सपाट मुलखात वाढलेला साठीचा एक मित्र, दोन सायकली आणि बोरघाटाचा एक दिवस

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला चढ ठाऊक असतो तो नदीवरच्या पुलापुरता. तमिळनाडूतलं कुंभकोणम हे असंच गाव. एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला अरसलार, मध्ये देवळं, तळी, केळीच्या बागा आणि भातखाचरं. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम २५ मीटर. तिथून तंजावर सुमारे ४० किलोमीटर. सायकलवर निघालात तर चढासाठी वाटेत एकदाही खाली उतरावं लागत नाही. त्रास असतो तो फक्त समोरून येणाऱ्या वाऱ्याचा.

अशा या गावचा एक मित्र आमच्या बँकेत होता. नाव-गाव दाक्षिणात्य, पण घरची भाषा मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठ्यांचं राज्य स्थापन केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. त्या राज्याच्या आश्रयानं जी मराठी घराणी तिकडे गेली, त्यांतलंच हे एक. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून नावाजलेले सर टी. माधवराव याच समाजातले, आणि त्यांचाही जन्म कुंभकोणमचाच, १८२८ सालचा.

मित्राची शेवटची बदली पुण्याला झाली. निवृत्तीला दोन महिने उरले, तेव्हा त्यानं एक इच्छा बोलून दाखवली. ‘गावी परतल्यावर पुन्हा डोंगर कुठला? एकदा बोरघाट सायकलवर चढायचा आहे. पाय न टेकता!’ त्याला रक्तदाबाची गोळी चालू होती. डॉक्टरांनी तपासण्या करून परवानगी दिली, पण एका अटीवर: ‘बोलता येईल इतक्याच वेगानं चढा. वाक्य तुटायला लागलं की थांबा.’

वरवर साधी वाटणारी ही अट त्या दिवशी आमच्या फार कामी आली.

सपाटीवर मित्राचा आडोसा

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे आम्ही पनवेल सोडलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे. २००२ साली तो पूर्ण खुला झाल्यापासून बहुतेक मोटारी तिकडे गेल्या आणि जुना महामार्ग बराच मोकळा झाला. पनवेल ते खोपोली हे पस्तीसेक किलोमीटर अंतर तसं सपाटच. या टप्प्यात कुंभकोणमच्या गड्यानं मला एक धडा दिला. वारा समोरून सुटला तसा तो म्हणाला, ‘माझ्या मागे लाग. हातभर अंतर ठेव आणि माझ्या खांद्याकडे पाहा, चाकाकडे नको.’

खरोखरच माझे पाय हलके झाले. सपाटीवर सायकलस्वाराची बहुतांश ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. पुढच्या माणसानं हवा फोडली की मागच्याचे पाव हिस्सा श्रम सहज वाचतात. म्हणूनच शर्यतीतले सायकलपटू एकमेकांना चिकटून जातात आणि पाळीपाळीनं पुढे येतात. आम्हीही दर पाच मिनिटांनी पाळी बदलली आणि आठाच्या आत खोपोली गाठली.

खोपोली म्हणजे घाटाचा पायथा. नाना फडणवीसांनी इथे मोठा तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं. लोणावळ्याकडच्या धरणांतलं पाणी प्रचंड नळांतून खाली आणून त्यावर टाटांनी इथेच १९१५ साली वीज निर्माण केली. पाणी खाली येताना जी ताकद देतं, तीच वर जाताना आपल्याला मोजावी लागते! आम्ही गरमागरम वडापाव खाल्ला, बाटल्या भरून घेतल्या आणि निघालो.

चढावर हिशेब बदलतो

खोपोलीपासून लोणावळा साधारण पंधरा किलोमीटर. तेवढ्यात साडेपाचशे मीटर वर चढायचं. दर शंभर मीटरला सरासरी साडेतीन मीटरचा हा चढ झाला. कागदावर तो किरकोळ दिसतो, पण घाट सरासरीनं चढत नाही. कुठे जवळजवळ सपाट चालतो, तर कुठे वळणावर असा उभा राहतो की पुढचं चाक जड होतं.

इथे आमचा सपाटीवरचा करार मोडला. चढावर आमचा वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला. त्या वेगाला हवेचा विरोध नगण्य असतो, तेव्हा कुणाच्या मागे लपून उपयोग नाही. आता झुंज होती ती वजनाशी. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. ते साडेपाचशे मीटर वर न्यायला सुमारे शंभर किलोकॅलरी लागतात. पण आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे प्रत्यक्षात खर्च चारशेच्या वर, तीन-चार पोळ्यांचा! ज्याची त्यानं ती द्यायची. मित्रासाठी कितीही जीव तुटला तरी त्याचं एक किलोसुद्धा आपल्याला उचलून घेता येत नाही.

मदत करतात ते गिअर. पूर्वीच्या साध्या काळ्या सायकलीचं पॅडल एकदा फिरवलं की ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाई. चढावर तेवढा रेटा देणं गुडघ्यांना जड. आमच्या गिअरच्या सायकली सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेरीत दोन-सव्वादोन मीटरच जात होत्या. काम तेवढंच, पण सुटे पैसे करून दिल्यासारखं. शहाणा माणूस चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करतो. दम लागल्यावर जोर देऊन गिअर बदलायला गेलं की चेन अडकते.

इतिहासाचंही ओझं

या वाटेनं वजनाचा हिशेब अनेकांना शिकवला आहे. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज पुण्यावर चालून जायला बोरघाट चढली. तोफा, दारूगोळा आणि हजारो बैलांचा लबेदा घेऊन ती इतकी हळू सरकली की मराठ्यांना तयारीला भरपूर वेळ मिळाला. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट, आपला ‘इष्टुर फाकडा’, तोफेच्या गोळ्यानं ठार झाला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी हा घाट गाड्यांसाठी नीट बांधून काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी तो रस्ता खुला केला.

त्याच वर्षीचा दगडी पूल पुढे ‘अमृतांजन पूल’ म्हणून प्रसिद्ध झाला, तो तिथे झळकणाऱ्या बामच्या जाहिरातीमुळे. घाट चढून डोकं दुखणाऱ्यांना ती जाहिरात अगदी वेळेवर दिसत असणार! द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीला अडचण होते म्हणून एप्रिल २०२० मध्ये तो पूल पाडला गेला. तिथून जाताना जुन्या प्रवाशांची नजर अजून वर जाते.

मेहनतीचं खरं माप मात्र रेल्वेच्या वाटेला आलं. १८६३ साली खुल्या झालेल्या या रेल्वेघाटासाठी हजारो मजूर राबले आणि हजारोंनी पटकीनं व अपघातांत प्राण गमावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येताच आजारी पडून वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट अंगावर घेऊन काम तडीस नेलं. कर्जतहून चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना आजही मागून जादा इंजिनं लावून रेटावं लागतं. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. डोंगरातून गाडीचा आवाज आला तेव्हा मी हे मित्राला सांगितलं. तो धापा टाकत म्हणाला, ‘छत्तीस वर्षं मीही बँकरच होतो. पण मला मागून ढकलायला कोण?’

वाक्य तुटलं तेव्हा

त्याचं हे वाक्य पुरं झालं होतं, म्हणून मला काळजी वाटली नाही. चढ लागल्यापासून तो बोलतच होता. पितळी दबऱ्या-टंबलरमधली कुंभकोणमची डिग्री कॉफी, बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव, २०१६ साली त्या तळ्याभोवती लोटलेली गर्दी आणि २०२८ च्या महामहमला मी यायलाच हवं हा आग्रह. सगळं ऐकत मी त्याच्या बरोबरीनं, एक चाक मागे राहून चढत होतो.

शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे एका वळणावर चढ अंगावर आला. ‘महामहमला तू आलास की आपण...’ एवढं बोलून तो गप्प झाला. मी दहा पॅडल मोजली. पुढचे शब्द आले नाहीत. ‘थांब,’ मी म्हटलं. त्यानं मान हलवून नकार दिला. पाय न टेकता चढायचं होतं ना! मी पुढे होऊन रस्त्याकडेला उतरलो आणि सायकल आडवी धरली. मग त्याचा नाइलाज झाला. उतरला, पण रागावला. पाच मिनिटं आमच्यात चकार शब्द नाही. त्यानं पाणी प्यायलं, श्वास खाली बसला. मग स्वतःच म्हणाला, ‘आपण तळ्याच्या उत्तरेच्या घाटावर बसू, असं सांगत होतो.’ वाक्य पुरं झालं आणि आम्ही निघालो. त्या वळणाचा उरलेला तुकडा सायकल हातात धरून चालत गेलो.

शिंग्रोबा हे या घाटाचं राखणदार दैवत. इंग्रजांना डोंगरातून वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली आणि अखेर इंग्रजांच्याच गोळीला तो बळी पडला, अशी लोककथा आहे. येणारे-जाणारे नाणं टाकून हात जोडतात. मित्रानंही नाणं टाकलं. म्हणाला, ‘वाट दाखवणाऱ्यावर लोक आधी रागावतातच.’ मला माझी पावती मिळाली.

पुढे खंडाळ्याच्या अंगाला दरी उघडते आणि नागफणीचा सुळका दिसतो. वरच्या भागात जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग अगदी जवळ येतात, तिथे फलक वाचून, सावकाश वळावं. साडेदहाच्या सुमारास आम्ही लोणाव‍ळ्यात होतो. दोन तासांहून जास्त लागले होते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच घाटात सर्वांत पुढे राहणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. आम्हा दोघांना तो मान कधीच मिळणार नव्हता. पण चिक्कीचा पहिला तुकडा तोंडात टाकताना मित्राचा चेहरा राजासारखाच होता.

वरची वाट सोपी. लोणावळ्याहून पुणे ६५ किलोमीटर आणि रस्ता एकंदरीत उताराचा. डावीकडे कार्ल्याची लेणी. कोकणातल्या बंदरांतून देशावर चढणाऱ्या व्यापाऱ्यांच्या देणग्या तिथल्या शिलालेखांत नोंदलेल्या आहेत. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड करत, पुन्हा एकमेकांच्या आडोशानं, ऊन कलताना आम्ही पुण्यात शिरलो.

तुम्हालाही जायचंय?

वाचकहो, घाट चढायला तरुणच असायला हवं असं नाही, पण काही पथ्यं पाळायला हवीत. चाळिशी ओलांडली असेल किंवा काही औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. आधी महिनाभर सपाटीवर, मग गावाजवळच्या लहान टेकडीवर सराव करा. पावसाळ्यात धुकं आणि दरडींचं भय असतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पहाटे निघा. पुढे-मागे दिवे आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्या.

घाट उतरून परतणार असाल तर ब्रेक आदल्या दिवशीच तपासून घ्या. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि पकड सुटते. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नव्हे. दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवा, कारण सपाटीवरचा आडोसा उतारावर धोक्याचा.

आणि छाती भरून आली, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच बसा आणि मदत मागा. घाट कुठे पळून जात नाही. मध्येच उतरून चालण्यात कमीपणा तर मुळीच नाही.

सोबतीची निवड मात्र जपून करा. फार जोरकस माणूस नको. घाटात तो आपलं ओझं उचलू शकत नाहीच. ज्याचं बोलणं मध्येच थांबलं तर आपल्या लक्षात येईल आणि आपलं थांबलं तर त्याच्या, असा एखादा मित्र पुरे.