सिगारेट सोडताना सोबत कोणाची?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं जोडली आहेत.)



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. 22 वर्षं सिगारेट ओढली, चार वेळा सोडली, त्यातली चौथी खेप टिकली. त्यानंतर सोडू पाहणाऱ्या लोकांबरोबर बसतो, बोलतो. त्यातून जे कळलं आणि थोडंफार वाचलं, ते तुमच्यापुढे ठेवतो. सिगारेटनं काय होतं हे मी सांगणार नाही. ते पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं आणि ओढणारा माणूस ते दिवसातून दहा वेळा बघतो. बघून पुढची पेटवतो.

आजचा प्रश्न वेगळा आहे. सोडायचं ठरवल्यावर आपल्या सोबत कोण असावं, आणि तो माणूस शोधायचा कुठे?

सुरुवात टपरीपासून करू. आमच्या कंपनीच्या गेटसमोर एक टपरी होती. सकाळी अकरा आणि दुपारी चार, आम्ही पाच जण खाली जायचो. कटिंग आणि एकेक सिगारेट, महिनाअखेरीला दोघांत एक. त्या दहा मिनिटांत कोणाच्या मुलाची ॲडमिशन अडलीय, कोणाचा हप्ता थकलाय, साहेब कोणावर उखडलेत, सगळं कळायचं. टेबलावर बसून जे बोलता येत नाही, ते तिथे बोललं जायचं. पहिल्यांदा सोडली तेव्हा मला वाटलं, आपण निकोटिन सोडतोय. तिसऱ्या दिवशी चार वाजता ते चौघं उठून खाली गेले, मी एकटा कॉम्प्युटरकडे बघत बसलो, आणि लक्षात आलं की आपण तर अख्खा कट्टाच सोडून आलोय. अकराव्या दिवशी "मी नुसता चहा घेतो" म्हणून खाली गेलो. पुढचं सांगायला नको. (हशा)

म्हणजे हे व्यसन दोन ठिकाणी राहतं. एक शरीरात. झुरका घेतल्यावर 10 ते 20 सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं ओसरतं. म्हणून तासा-दोन तासांनी हात खिशाकडे जातो. सोडल्यावर पहिला आठवडा सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, कशात लक्ष लागत नाही. मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू उतरतं. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. या भागासाठी औषधं आहेत, निकोटिनचं च्युइंगगम आहे, डॉक्टर आहेत. ती मदत जरूर घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा भाग माणसांत राहतो. त्याला गोळी नाही.

कसलीही मदत न घेता एकट्यानं सोडणाऱ्या 100 जणांपैकी सहा महिने ते वर्षभरानं 3 ते 5 जणच सुटलेले राहतात, असं अभ्यास सांगतात. हा आकडा मी घाबरवायला सांगत नाही. इथे ज्यांनी दोन-तीनदा सोडून परत धरली असेल, त्यांच्यासाठी सांगतोय. "माझ्यात दमच नाही" असं तुम्ही मनाशी म्हणत असाल. दमाचा प्रश्न नाही हो. सगळ्यात चढाचा रस्ता तुम्ही निवडलात आणि तोही एकट्यानं.

आता एक मोठा अभ्यास. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथल्या लोकांच्या हृदयाची तपासणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या दोघांनी 1971 ते 2003 या काळातल्या 12,067 माणसांच्या नोंदी बघितल्या. कोण कोणाचा नातेवाईक, कोण कोणाचा मित्र, आणि कोणी सिगारेट कधी सोडली. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले. लोक एकेकटे सोडत नव्हते, घोळक्यानं सोडत होते. नवरा-बायकोपैकी एकानं सोडली की दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी कमी झालेली. मित्रानं सोडली तर 36 टक्क्यांनी, आणि लहान ऑफिसातल्या सहकाऱ्यानं सोडली तर 34 टक्क्यांनी. भावंडांचा आकडा मित्रांपेक्षा कमी, 25 टक्के. मला यात गंमत वाटते. सख्ख्या भावापेक्षा टपरीवरचा मित्र जास्त चालतो!

इथे कोणी म्हणेल, मग बायकोच बरी की सोबतीला. थांबा. जोडीदाराला शिकवून-सवरून त्याचा पाठिंबा वाढवावा, असे प्रयोगही झालेत. त्यांतून सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. मग हा विरोधाभास आहे का? मला नाही वाटत. पहिल्या ठिकाणी जोडीदार स्वतः सोडतोय, दुसऱ्या ठिकाणी तो लक्ष ठेवतोय. आमच्या घरी काय व्हायचं? मी दार उघडून आत आलो की बायको आधी शर्टाचा वास घ्यायची. तिचं काही चुकत नव्हतं, काळजीच होती. पण वास घेणाऱ्याला माणूस खरं सांगत नाही. तो वेलची चघळून घरी येतो. तिसऱ्या खेपेला मी परत ओढायला लागलो आणि चार महिने घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही.

तर सोबती म्हणजे ज्याला खरं सांगता येतं असा माणूस. आणि खरं बहुतेक वेळा त्यालाच सांगता येतं, जो स्वतः त्याच चिखलातून चाललाय.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट हेरली ती दारू सोडणाऱ्यांनी. 1935 सालचा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून जेमतेम पाच-सहा महिने झालेले. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत उभा, एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज येतायत. त्यानं काय केलं? चर्चची यादी घेऊन फोन लावायला सुरुवात केली. मला कोणीतरी दारुडा गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय! असं करत करत तो डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या शल्यविशारदापर्यंत पोचला, जो स्वतः दारूत बुडालेला होता. पंधरा मिनिटांसाठी म्हणून बसलेले दोघं कित्येक तास बोलत राहिले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात ती. विल्सन तिथे उपदेश करायला गेला नव्हता हे ध्यानात घ्या. बोलला नाही तर आपणच पिऊ, म्हणून गेला होता.

आणि या गोष्टीचं शेपूट कोणी फारसं सांगत नाही. हाच बिल विल्सन जबरदस्त सिगारेट ओढायचा. 1971 मध्ये फुप्फुसांच्या एम्फिसिमानं, त्यात न्यूमोनिया होऊन, तो गेला. त्या सभांच्या खोल्या धुरानं भरलेल्या असायच्या. गट तुम्हाला त्याच गोष्टीतून सोडवतो, जी गट स्वतः सोडतोय. बाकीच्या बाबतीत गट म्हणजे टपरीच. सिगारेटसाठी त्याच धर्तीवर निकोटिन ॲनॉनिमस निघालं, ते 1980 च्या दशकात, कॅलिफोर्नियात.

आपल्या पुण्यात 1986 मध्ये अनिल अवचट आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. दारू आणि ड्रग्जमधून बाहेर आलेली माणसंच तिथे पुढच्यांना हात देताना दिसतात. तत्त्व तेच. सिगारेटचं मात्र असं होतं की माणूस नोकरीला जातो, संसार करतो, त्यामुळे त्यासाठी सोबत लागते हेच कोणाला पटत नाही. "सिगारेट सोडायला कसला गट?" असं हसून विचारतात.

माझी चौथी खेप टिकली ती आमच्या सोसायटीच्या वॉचमन काकांमुळे. घरच्यांपासून लपून मी पार्किंगच्या मागे ओढायचो, ते त्यांना ठाऊक होतं. ते स्वतः बिडी ओढायचे. एका रात्री म्हणाले, "साहेब, डॉक्टरनं बिडी बंद सांगितलीय मला. तुमचं पण चाललंय ना सोडायचं? मग दोघं मिळून सोडू की." मला आधी अवघडल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. एरवी आमचं बोलणं "पाणी आलं का" एवढंच. पण ठरलं. रात्री दहाला एकमेकांना मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे आज नाही ओढली. दोन रिंगा म्हणजे अवघड आहे, खाली या.

नवव्या-दहाव्या दिवशी दोन रिंगा आल्या. पाऊस पडत होता. खाली गेलो तर काका केबिनमध्ये बिडीचं बंडल हातात धरून बसलेले, बंडल न फोडलेलं. मी काही शहाणपण शिकवलं नाही, सुचलंही नाही. ते गावाकडच्या विहिरीबद्दल बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी ते उठले आणि बंडल गटारात टाकून आले. जिना चढताना माझ्या लक्षात आलं, संध्याकाळपासून मलाही तलफ होती, ती कुठेतरी गेली होती.

लंडनच्या संशोधकांनी हे तपासून पाहिलंय. 1998 चा अभ्यास आहे. दवाखान्यात सिगारेट सोडायला आलेल्यांपैकी काहींच्या जोड्या लावल्या, काहींना एकेकटं ठेवलं. चार आठवड्यांनी जोडीवाल्यांत 27 टक्के टिकले होते, एकट्यांत 12 टक्के. पुढे हाच प्रयोग गटात सोडणाऱ्यांवर केला, तिथे जोडी लावून वेगळा फायदा दिसला नाही. कारण, मला वाटतं, गटात ते काम आधीच होत असतं. नुसतं पुस्तक वाचून सोडणाऱ्यांपेक्षा गटात सोडणाऱ्यांचं यश जवळजवळ दुपटीच्या घरात जातं.

आता शोधायचा कुठे? पहिली गोष्ट, मोठ्यानं सांगा. आपण लपून सोडतो, म्हणजे फसलो तर कोणाला कळायला नको. पण त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा माणूसही लपून सोडतोय हे आपल्याला कळत नाही. मी ऑफिसात सांगितलं तेव्हा टपरीवरच्या चौघांतला एक जण दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाला, "मला पण बघायचंय रे." डॉक्टरांना विचारा की असा आणखी कोणी पेशंट आहे का, त्याची हरकत नसेल तर गाठ घालून द्या. सरकारची मोफत क्विटलाइन आहे, 1800-11-2356. 2018 पासून हा नंबर पाकिटावरच छापलेला असतो. तिथे समुपदेशक भेटतो, सोबती नाही. पण सोबती मिळेपर्यंत पहिला फोन कोणाला करायचा, याचं उत्तर त्या पाकिटावरच आहे.

तीन-चार जण जमले की पुरे. आठवड्यातून एकदा भेटायचं, जागा टपरीपासून लांब. प्रत्येकानं आपला आठवडा सांगायचा, सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. औषधाबद्दल स्वतःला काय आलं तेवढंच सांगायचं. च्युइंगगम सतत चघळायचं नसतं, थोडं चघळून गालाशी धरून ठेवायचं, हे मला असंच एकाकडून कळलं. पैजा लावू नका. पैज हरलेला माणूस परत येत नाही.

आणि घसरल्यावर काय बोलायचं, हे आधी ठरवा. हे मी चूक करून शिकलोय. सातव्या आठवड्यात काका गावी गेले, भावकीत मयत झाली होती. तिथे चार दिवस सगळ्यांबरोबर बसून बिड्या झाल्या. परत आल्यावर तीन रात्री रिंग नाही. चौथ्या रात्री मी खाली गेलो, त्यांनी खरं सांगितलं, आणि मी म्हणालो, "काय काका, एवढं केलेलं सगळं पाण्यात घातलंत." मी तेच केलं, जे शर्टाचा वास घेणारे करतात. ते "हो साहेब" म्हणाले. त्यानंतर गेटवर नमस्कार व्हायचा, रिंग मात्र आली नाही. दोन महिन्यांनी ते दुसरीकडे कामाला लागले. त्यांची बिडी सुटली की नाही, मला माहीत नाही. माझी सुटली.

आमच्या गटात आता कोणी घसरून आला की एवढंच विचारतो, "किती झाल्या? पुढची कधी वाटतेय?" आणि चहा मागवतो.

प्रश्न: मी सिगारेट ओढते. माझ्या घरी, ऑफिसात हे कोणालाच माहीत नाही. "मोठ्यानं सांगा" हे मला कसं जमणार?

उत्तर: बरोबर आहे तुमचं. ते पुरुषांना सोपं, मी त्याच हिशेबानं बोललो. महाराष्ट्रात 2016-17 च्या पाहणीत ओढणाऱ्या बायका 1.4 टक्के निघाल्या. टक्केवारी लहान असली तरी माणसं लाखांत आहेत, आणि बहुतेक तुमच्यासारख्याच लपून. तुम्ही सगळ्यांना सांगू नका. एकीला सांगा. क्विटलाइनला नाव-गाव घरच्यांना कळण्याची भीती नाही, तिथून सुरुवात करा. आणि आमच्या गटात यायचं असेल तर दोन बाया आहेत, त्यांनाच आधी भेटा, आम्ही मध्ये नाही.

प्रश्न: सिगारेट सोडली, पण आता तंबाखू मळतो. गटात चालेल का?

उत्तर: (हशा) हसू नका, निम्मा महाराष्ट्र असाच सुटतो. त्याच पाहणीत आपल्या राज्यात ओढणारे 3.8 टक्के आणि तोंडात धरणारे 24.4 टक्के होते. निकोटिन तेच, फक्त तोंडाच्या वाटेनं. या की गटात. फक्त आल्यावर "सोडली" म्हणू नका. "बदलली" म्हणा, आणि तिथून पुढे बोलू.