आजीचा उतार आणि वेलस्लीचा डाव

भंडाऱ्याला वैनगंगेच्या काठी माझे लहानपण गेले. आत्याचे गाव पैलतीरावर. उन्हाळ्यात आजीचे बोट धरून आम्ही गुडघाभर पाण्यातून तिकडे जात असू. एकदा मी विचारले, "आजी, पाणी इथेच उथळ आहे हे तुला कसे ग कळते?" आजी हसून म्हणाली, "दोन्ही काठाले समोरासमोर गावं दिसली, का समज मधात उतार हाये!"

वाचकहो, नेमके हेच गणित १८०३ साली एका ३४ वर्षांच्या इंग्रज सेनापतीने मांडले आणि आम्हा भंडारेकरांचे राजे हरले!

भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा. दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला. ते न रुचून दौलतराव शिंदे आणि दुसरे रघुजी भोसले एक झाले. त्यांच्यावर मेजर जनरल आर्थर वेलस्ली चालून आला. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला, हल्लीच्या जालना जिल्ह्यातील असईजवळ, दोघांची प्रचंड फौज त्याच्यापुढे उभी राहिली. मध्ये केळणा नदी. जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. पण वेलस्लीला पिंपळगाव आणि वरूड ही गावे दोन काठांवर समोरासमोर दिसली. इतकी जवळ वसलेली माणसे एकमेकांकडे जात नसतील काय? त्याने फौज तिकडे वळवली. उतार निघाला!

लढाई घनघोर झाली. त्याची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी झुंजले. रघुजी मात्र आरंभीच रणातून निघून गेले. पुढे २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह. कटक गेले, वर्धेपलीकडचा वऱ्हाड गेला. वैनगंगेकाठचा आमचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे उरला.

या वेलस्लीने १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. तरी उतारवयात, रणांगणावरची तुमची सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असे विचारता त्याने असईचेच नाव घेतले म्हणतात.

मला राहून राहून वाटते, तो उतार आपल्याच लोकांच्या रोजच्या पायाखालचा. तिथे भक्कम पहारा का नसावा? नदीकाठच्या कुणा म्हातारीला कोणी विचारलेच नसेल!

आता गोसीखुर्द धरणाचे पाणी वर तुंबते आणि आजीचा उतार त्यात बुडाला आहे. तरी पुलावरून जाताना मी नातवाला दोन्ही काठांवरची गावे दाखवतो आणि म्हणतो, "सांग पाहू, मधात काय असेल?"