एक्स्प्लेनर : मुरुडला ड्रोनने औषध पाठवायचं, तर आधी संगणकावर काय तपासतात?

लातूरहून मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात तातडीचं औषध पाठवायचं, तर गाडी बरी की ड्रोन? डिसेंबर २०२१ मध्ये पालघरमधील जव्हारहून झाप गावात ड्रोनने ३०० लशी सुमारे ९ मिनिटांत पोहोचल्या. रस्त्याने ४० मिनिटं लागतात. पण रोजच्या सेवेचा हिशेब एका उड्डाणावरून मांडता येत नाही. त्यासाठी संगणकावर सिम्युलेशन करतात.

हे चालतं कसं?
'सुमो' हे जर्मन एरोस्पेस सेंटरचं मोफत सॉफ्टवेअर २००१ पासून वापरात आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा टाकला की त्यात प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे धावतं. ड्रोनचं सॉफ्टवेअर वेगळं असतं. दोन्ही एकाच घड्याळावर जोडली की तुलना करता येते.

सामायिक यंत्रणा कशाला?
प्रत्येक कॉलेजने शून्यापासून मॉडेल बनवण्यापेक्षा एकच सर्वांनी वापरलं, तर खर्च वाचतो आणि निकाल ताडून पाहता येतात.

अडचण कुठे?
पुण्या-मुंबईचे आकडे मुरुडला चालत नाहीत. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाड्यांचा वेग मंदावतो. ही मोजणी इथल्याच रस्त्यावर उभं राहून करावी लागते. ती नसेल, तर मॉडेलचं उत्तर चुकेल आणि त्याची किंमत रुग्ण मोजेल.