राशोलचं चर्च आणि एक मराठी पुराण

इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये आपल्या बुऱ्हाणपुरात शाहजादा परवीझला भेटला. त्याला व्यापाराच्या सवलती हव्या होत्या. पुढच्याच वर्षी गोव्यात, सासष्टीतल्या राशोलला, दुसऱ्या एका इंग्रज थॉमसचं पुस्तक छापून झालं. तेही मराठीत, आणि ओवीबद्ध!

हे जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि तिथलेच झाले. नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती. ती ओळखून त्यांनी बायबलची कथा त्याच घाटात सांगितली. ‘ख्रिस्तपुराणा’त दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत, त्यात मराठीची थोरवीही गायली आहे. देवनागरीचे खिळे नसल्याने छपाई रोमन लिपीत झाली. आज मोबाइलवर ‘kasa aahes’ थाटात मराठी लिहिणाऱ्या मुलांना रागावण्याआधी हे आठवावं!

छापखाना होता जेझुइटांच्या कॉलेजात. आधी मडगावला असलेलं हे कॉलेज सुरक्षेसाठी राशोलच्या किल्ल्याजवळ आलं. १६०६ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १६१० मध्ये कॉलेज तिथं नांदू लागलं. त्याच इमारतीत त्याचं चर्च. पुढे त्याला जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचं नाव मिळालं.

१७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं, त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. दीवमधलं त्यांच्या कॉलेजचं सेंट पॉल चर्च आज तिथल्या रहिवाशांचं चर्च आहे. राशोलला मात्र धर्मप्रांताची सेमिनरी आली. गावकऱ्यांचं चर्च तिथं वेगळंच आहे. जुन्या कॉलेजात अजूनही गोव्याचे पाद्री घडतात. मालक बदलले, शिकवणं थांबलं नाही. दगडी भिंतींना एवढं नशीब क्वचितच लाभतं.

पुस्तकाचं नशीब वेगळं. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतली एकही छापील प्रत आज सापडत नाही. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती समाजाने मात्र ते हाताने उतरवून घेतलं, मोठ्याने वाचत जपलं. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापलं गेलं, आणि तेही मंगळूरला.