पडदा बंद, काम चालू

मैत्रिणींनो, रात्री वीज गेली आहे आणि गॅसवर आमटी उकळते आहे, अशी वेळ आपल्यापैकी प्रत्येकीवर कधी ना कधी आलेली असते. काडेपेटी सापडायच्या आधीच आपला हात मिसळणाच्या डब्याकडे जातो. मोहरी कुठल्या वाटीत, हळद कुठे, हिंगाची डबी कुठल्या फळीवर, हे सगळं हाताला पाठ असतं. पण पाहुण्या बाईंनी दुपारी मदत म्हणून डबे इकडचे तिकडे करून ठेवले असतील, तर मात्र आपल्याच स्वयंपाकघरात आपण चाचपडायला लागतो. म्हणजे खोट डोळ्यांची नसते, मांडणीची असते.

एवढं ध्यानात ठेवलंत, तर आज मी जे सांगणार आहे ते तुम्हाला सहज पटेल. विषय आहे दृष्टी नसलेल्या माणसांनी ऑफिसातलं कॉम्प्युटरचं काम करण्याचा. तुम्ही म्हणाल, पडदाच दिसत नाही तर कॉम्प्युटर काय कामाचा? मलाही हे कुतूहल होतंच. ते पुरं केलं आमच्या शेजारच्या वहिनींनी.

वहिनी एका पतसंस्थेत कारकून. पस्तिशी ओलांडली आणि काचबिंदूनं त्यांची नजर गेली. हा आजार बहुतेकदा चोरपावलांनी येतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि त्यानं नेलेली नजर परत मिळत नाही. संस्थेतली माणसं भली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही नुसत्या फोनपाशी बसत जा, पगार चालू राहील." घरी सासूबाई म्हणाल्या, "पुरे झाली आता नोकरी. आम्ही आहोत ना!" दोन्हीकडे मायाच होती. पण वहिनींचा एकच हेका, "काम न करता घेतलेला पगार मला पचायचा नाही." पाच-सहा महिने नेटानं शिकल्या आणि आज पुन्हा आपल्या टेबलाशी बसून ठेवींचे आणि कर्जाचे हिशेब करतात. त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा बहुतेक वेळा बंदच असतो. "मला नको, मग वीज कशाला जाळू?" म्हणतात!

कॉम्प्युटर बोलतो कसा?

यासाठी 'स्क्रीन रीडर' नावाचा प्रोग्रॅम असतो. पडद्यावर जे लिहिलेलं आहे ते तो आवाजात वाचून दाखवतो. बाणाचं बटण खाली दाबलं की पुढची ओळ वाचतो, उजवीकडचं दाबलं की पुढचं अक्षर. कंट्रोल धरून उजवा बाण दाबला तर पुढचा शब्द. माऊस लागतच नाही, सगळा कारभार कीबोर्डवर. तुमच्या कीबोर्डवरच्या 'एफ' आणि 'जे' या बटणांवरून बोट फिरवून पाहा. बारीकसा उंचवटा लागेल. दोन्ही हातांच्या तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची बटणं बोटांना आपोआप सापडतात.

या प्रोग्रॅमचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. टेड हेंटर हा अमेरिकेतला मोटरसायकलच्या शर्यतीत भाग घेणारा तरुण. 1978 साली मोटारीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली. पुढे त्यानं 'जॉज' हा स्क्रीन रीडर काढला. पहिली आवृत्ती 1989 ची. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी 'आवाजाच्या मदतीनं नोकरी' असा आहे. काम उत्तम, पण असे प्रोग्रॅम फार महाग. कधी कधी खुद्द कॉम्प्युटरपेक्षाही महाग! मग 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणानं 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात झालेली. त्यांनी हा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट देऊन टाकला. वहिनी तोच वापरतात. त्याच्याबरोबर येणारा 'ई-स्पीक' आवाज मराठीही वाचतो. आवाज जरा यंत्रासारखा खरखरीत आहे, पण कान सरावले की चालतं. वहिनी तो इतक्या वेगानं लावतात की आपल्याला नुसती किणकिण ऐकू येते. त्यांना मात्र शब्द न् शब्द कळतो.

वर्ड आणि एक्सेल कानांनी

पत्र लिहिताना वहिनी टाइप करतात आणि ओळ मागे जाऊन ऐकतात. ऐकताना खटकलं की अक्षर-अक्षर तपासतात. ऱ्हस्व-दीर्घ कानांनी पकडणं सर्वांत अवघड, तिथे ही अक्षरवार तपासणी कामी येते.

लांबलचक इतिवृत्त असेल तर सगळं पहिल्यापासून ऐकत बसायचं का? नाही. तिथेच खरी गंमत आहे. लिहिणाऱ्यानं मथळे 'हेडिंग' म्हणून दिले असतील, तर एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ-7 ही बटणं दाबली की मथळ्यांची यादी समोर येते. हवा तो मथळा निवडून थेट तिथे जाता येतं. पुस्तकाची अनुक्रमणिका उघडावी तसंच. पण लिहिणाऱ्यानं नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली असतील, तर आपल्या डोळ्यांना तो मथळा दिसतो, यंत्राच्या लेखी ती साधी ओळच असते.

एक्सेलमध्ये बाणानं एकेका चौकटीत जायचं. आतला आकडा आणि चौकटीचा पत्ता, उदाहरणार्थ 'बी 5', दोन्ही ऐकू येतं. वरच्या ओळीतले रकान्यांचे मथळे एकदा नेमून दिले की नुसतं '4200' न म्हणता तो आधी 'व्याज' म्हणतो आणि मग आकडा सांगतो. बेरजेसाठी आकड्यांच्या खालच्या चौकटीत जाऊन ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबायचं, की सूत्र तयार. हे शेवटचं आपल्यालाही उपयोगी आहे बरं का! भिशीचा हिशेब करून पाहा.

मग अडतं कुठे?

वहिनी कामावर परतल्या तेव्हा पहिलाच अडथळा आला तो रंगाचा. थकलेल्या कर्जाच्या ओळी फाइलमध्ये लाल रंगानं भरलेल्या. स्क्रीन रीडर रंग आपणहून सांगत नाही. त्यामुळे फेडलेलं आणि थकलेलं कर्ज वहिनींना सारखंच. त्यांनी सहकाऱ्याला सांगून शेजारी एक रकाना वाढवून घेतला, 'थकीत : होय किंवा नाही'. झालं काम! आणि गंमत म्हणजे त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला. कारण संस्थेचा छपाईचा यंत्रोबा काळं-पांढरंच छापतो, त्यात लाल रंग कुणालाच दिसत नव्हता.

दुसरा अडथळा जुन्या मराठी फॉन्टचा. 'कृतिदेव'सारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'कमल' असं लिहिलं, तर आपल्याला दिसतं कमल, पण कॉम्प्युटरच्या पोटात साठतात डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं. वरून मराठीचा नुसता मुखवटा! स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, मुखवटा नाही. त्यामुळे पानभर मराठी पत्र त्याच्या तोंडून इंग्रजी अगडबंब होऊन येतं. युनिकोडमध्ये, म्हणजे 'मंगल'सारख्या फॉन्टमध्ये लिहिलेलं तेच पत्र तो व्यवस्थित मराठीत वाचतो.

तिसरा अडथळा घराघरातला आहे. वहिनींची धाकटी मुलगी तिसरीत. तिच्या शाळेच्या सूचना फोनवर येतात, पण कागदाचा फोटो काढून. फोटोतली अक्षरं म्हणजे स्क्रीन रीडरला नुसतं चित्र. फोटोतली अक्षरं ओळखणारे प्रोग्रॅम आता आहेत खरे, पण वाकडा आणि अंधुक फोटो असला की तारखेचा आणि रकमेचा घोळ होतो. आईला सूचना वाचून कोण दाखवणार? ती आठ वर्षांची चिमुरडी. एकदा तिनं फीची तारीख वाचलीच नाही, सहलीची तेवढी वाचली! वहिनी हसल्या, पण मग म्हणाल्या, "माझ्या लेकीचं प्रगतिपुस्तक मला तिच्याच तोंडून ऐकावं लागतं गं. आई म्हणून मी आधी वाचायला नको का?"

हे ऐकलं आणि मला वाटलं, हे तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं. कारण त्यांचा कॉम्प्युटर तयार आहे, त्याही तयार आहेत. अडतं ते आपण लिहिलेल्या कागदाशी. मी स्वतः अर्धवेळ शिक्षिका आहे, म्हणून सांगते की सूचनेचा फोटो पाठवणं आणि तोच मजकूर टाइप करून पाठवणं यात पाच मिनिटांचा फरक आहे.

एवढं नक्की करा

सोसायटीची नोटीस, महिला मंडळाचं इतिवृत्त, हळदीकुंकवाचं निमंत्रण, शाळेचं पत्रक, भिशीचा हिशेब. यातलं काही ना काही आपण लिहीतच असतो. लिहिताना पुढील गोष्टी पाळा :

1. सूचना टाइप करून पाठवा. फोटो किंवा रंगीत कार्ड पाठवायचंच असेल, तर खाली तारीख, वेळ, ठिकाण आणि रक्कम अक्षरांत लिहा.

2. मराठी युनिकोडमध्ये लिहा. फोनवर आपण लिहितो ते युनिकोडच असतं.

3. वर्डमध्ये मथळ्याला 'हेडिंग' द्या. त्या ओळीवर जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि 1 दाबलं की पहिल्या दर्जाचा मथळा होतो.

4. जागा सोडण्यासाठी एंटर दहा वेळा ठोकू नका. ऐकणारीला दहा वेळा 'रिकामी ओळ' ऐकावं लागतं. स्पेस मारमारून रकाने पाडू नका, सरळ टेबल घाला.

5. एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत रकान्यांची नावं लिहा. शोभेसाठी चौकटी एकमेकींत जोडू नका. नुसत्या रंगानं अर्थ सांगू नका, शब्दही लिहा.

6. चित्र घातलंत तर त्यावर उजवं क्लिक करून 'ऑल्ट टेक्स्ट'मध्ये एका वाक्यात वर्णन लिहा.

वर्डमध्ये 'रिव्ह्यू' या भागात 'चेक ॲक्सेसिबिलिटी' असं बटण असतं. ते दाबलं की तुमच्या कागदात अशा काय त्रुटी आहेत त्याची यादीच मिळते.

घरात कुणाची नजर गेली तर

मधुमेहानं, काचबिंदूनं, अपघातानं मोठ्या वयात दृष्टी जाणारी माणसं कमी नाहीत. अशा वेळी घाईनं राजीनामा लिहून देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमणारं नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. सरकारी नोकरभरतीतही अपंगांसाठी किमान 4 टक्के जागा राखीव आहेत आणि त्यांतली 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे. वहिनींसारख्या खाजगी संस्थेतल्या बाईला हे संरक्षण असंच्या असं मिळत नाही. म्हणून तर तिथे शिक्षण आणि घरच्यांचा पाठिंबा याचं मोल जास्त.

शिक्षणासाठी 1952 साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे 'नॅब'कडे चौकशी करा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातही 2003 पासून दृष्टिहीनांसाठी खास केंद्र आहे.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. शिकणारीच्या हातातून माऊस घेऊन "थांब, मी करून देते" असं म्हणू नका. वहिनींच्या यजमानांनी पहिला महिनाभर तेच केलं. शेवटी त्या त्यांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही चहा करा. हे माझं मला चुकू द्या." तेव्हापासून चहा त्यांच्याकडे आणि बँकेचं पासबुक वहिनींकडे! आता आपली शिल्लक त्या स्वतः कानाला हेडफोन लावून ऐकतात. कुणाला विचारावं लागत नाही आणि कुणाला कळतही नाही.

आज दुपारी जरा सवड झाली की एक करून पाहा. विंडोजच्या कॉम्प्युटरवर विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणं एकदम दाबा. 'नॅरेटर' नावाचा स्क्रीन रीडर बोलू लागेल. तीच बटणं पुन्हा दाबली की थांबेल. मराठी आवाज वेगळा बसवावा लागतो, म्हणून आधी एखादा इंग्रजी मजकूर घ्या, पडदा बंद करा आणि चार ओळी लिहून, वाचून पाहा. पहिली पाच मिनिटं जीव गुदमरेल. पण पुढच्या वेळी सोसायटीची नोटीस फोटो काढून पाठवायला हात धजणार नाही, एवढं खात्रीनं सांगते.